बॉनेटवरची जागा

अण्णा,

बँकॉकला जाऊन आले. कंपनीने ट्रेनिंगला पाठवलं होतं, आठवडाभर, आणि मधे एक रविवार मोकळा होता. बरोबरची मंडळी सकाळीच खरेदीला पळाली. मी हॉटेलच्या काउंटरवर सांगून दिवसभरासाठी एक गाडी आणि एक गाईड घेतली, एकटीसाठी. हे ऐकून तुम्ही आधी हसला असतात आणि मग लगेच धंद्याचे प्रश्न विचारले असतेत: गाडी कुठली, एसी नीट होता का, ड्रायव्हर थांब्यावर झोपून जायचा की काय. म्हणून सांगते. गाडी पांढरी होती, आठ-दहा माणसांची, सीटांना पांढरी कव्हरं, आणि त्यात मधल्या रांगेत मी एकटी, वऱ्हाड चुकून पुढच्या गाडीने गेल्यासारखी. पाण्याच्या बाटल्या गार होत्या. ड्रायव्हर झोपला नाही, प्रत्येक ठिकाणी दार उघडून उभा राहायचा. तुमच्या ड्रायव्हरकाकांना हे दाखवायला हवं होतं.

गाईड चाळिशीची बाई होती, ठेंगणी, भराभर चालणारी. तिच्या हातात पिवळी छत्री. गर्दीत गिऱ्हाइकांना दिसावी म्हणून ती छत्री मिटूनच डोक्यावर उंच धरायची, आणि तिच्यामागे चालणारं गिऱ्हाईक म्हणजे मी एवढंच. मी तिला म्हटलं, एका माणसासाठी कशाला हात दुखवून घेता? ती म्हणाली, सवय. गाडीत बसलं की ती पुढच्या सीटवरून मागे वळायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "वन मॅडम, ओके." पहिल्यांदा मला ती चेष्टा वाटली. पण दुपारपर्यंत प्रत्येक थांब्याला तेच, तितक्याच गंभीरपणे. तेव्हा तुम्ही आठवलात. नाशिकच्या द्वारका चौकात टायरच्या दुकानात एक टेबल आणि एक फोन एवढं तुमचं ऑफिस, आणि एकुलती एक मिनीबस. सुरतेकडची माणसं नाशिकरोडला उतरायची, पंचवटीत धर्मशाळेत राहायची, आणि तुम्ही त्यांना एक दिवस रामकुंड, तपोवन, त्र्यंबक आणि दुसऱ्या दिवशी वणीचा गड दाखवायचात. गाडी हलण्याआधी मागच्या सीटपासून पुढे यायचात, प्रत्येक सीटच्या दांडीवर बोट वाजवत, माणसं मोजत. आजोबा धान्यबाजारात मापाडी होते, तिथली सवय घरात आलेली. पहिल्या मापाला ते एक म्हणत नसत, लाभ म्हणत. तुम्हीही पहिल्या माणसाला लाभच म्हणायचात. लाभ, दोन, तीन, चार. गुजराती मंडळी खूश व्हायची. बँकॉकला तुम्ही असतात तर तुमची मोजणी लाभावरच संपली असती.

राजवाड्याच्या आवारात एक लांबच लांब ओसरी आहे आणि तिच्या भिंतीभर आपलीच गोष्ट रंगवलेली आहे. वनवास, सोन्याचं हरीण, समुद्रावरचा पूल, सगळं आहे; फक्त माणसांच्या डोक्यावर टोकदार मुकुट. गाईड सांगायला लागली, की बघा मॅडम, हा राजपुत्र अरण्यात झोपडी बांधून राहतो आणि इथूनच राक्षस त्याच्या राणीला पळवून नेतो. मी म्हटलं, माहीत आहे, ते अरण्य आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, आता तिथे पार्किंगला जागा मिळत नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, असं गिऱ्हाईक अधूनमधून भेटायचंच अशा थाटात मान हलवली आणि पुढच्या चित्राकडे गेली. तुम्हीही अगदी असेच. कोणी म्हणालं की आमच्या गावालाही पांडव येऊन राहिले होते, की "असतील, असतील" म्हणून तुम्ही पुढे.

त्या ओसरीच्या टोकाला परांचीवर बसून एक माणूस खांबाला आरशाचे बारीक तुकडे चिकटवत होता. एकेक तुकडा बोटावर घ्यायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची, फडक्याने पुसायचा, मग अंगठ्याने दाबायचा. मी बघत उभी राहिले. किती वेळ कोण जाणे. वळून पाहिलं तर पिवळी छत्री कुठेच नाही. निळ्या, लाल, गुलाबी छत्र्या चिक्कार, पण आमची नाही. मी तिथेच थांबले. थोड्या वेळाने गाईड पळत आली, छत्री काखेत, केस कपाळाला चिकटलेले. आल्या आल्या तिने माझं मनगट धरलं आणि तिच्या भाषेत काहीतरी फाडफाड बोलली. मग इंग्रजीत, "माझ्या मागे राहायचं सांगितलं होतं ना!" आणि मग मी गिऱ्हाईक आहे हे तिच्या लक्षात आलं असावं. तिने हात सोडला आणि म्हणाली, "सॉरी, मॅडम." ते सॉरी मला आवडलं नाही. मनगट धरलं ते ठीक होतं.

तुम्ही सॉरी म्हणाला नव्हतात. मी चौथीत आहे, आजी आजारी म्हणून आई मनमाडला गेली आहे, रविवार आहे आणि मला घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून तुम्ही मला गडाच्या ट्रिपला घेतलं आहे. गाडी भरलेली. मग मला आतल्या बॉनेटवर, इंजिनाच्या झाकणावर बसवलं, ड्रायव्हरकाकांच्या शेजारी, खाली गोणपाटाची घडी. बॉनेट गरम लागतंय, पण सगळ्यात पुढचं दिसतंय मला. दिंडोरीला द्राक्षाच्या बागा लागल्या तसे तुम्ही उभे राहून पाहुण्यांना माहिती देताय, जसे काही सगळे मांडव आपल्याच मालकीचे. गडावर यात्रेची गर्दी. दर्शन झालं, पायऱ्या उतरून खाली बाजारात आलो, आणि तुम्ही मला म्हणालात, "तू गाडीपाशी जाऊन थांब, मी माणसं गोळा करून आलोच." माणसं गोळा झाली. तुम्ही मागून पुढे मोजत आलात. सगळ्या सीटा भरलेल्या. बॉनेट ही सीट नव्हे. तुम्ही पत्र्यावर थाप मारलीत, "चला," आणि गाडी गड उतरली, वणी मागे टाकलं आणि दिंडोरीला चहाला जाऊन थांबली.

तुम्ही परत आलात ते द्राक्षाच्या पिकअपमधून, मागे रिकाम्या क्रेटमध्ये उभे राहून. मी एका पेढ्याच्या दुकानात होते. तुम्ही उडी मारून उतरलात. तुमच्या सदऱ्याच्या बाहीवर चहाचा मोठा डाग होता, ओला. मला वाटलं उचलून घ्याल. तुम्ही म्हणालात, "गाडीपाशी थांब म्हटलं होतं ना? तुझ्यापायी पंधरा माणसं तिकडे खोळंबलीत!" मी रडायला लागले. दुकानातली बाई गप्प बसणारी नव्हती. "आवो, लेकराला कशाला बोलता? गुमान बसली व्हती इथं. तुमीच इसरले नं तिला." तुम्ही मला घेऊन एस्टीकडे चालायला लागलात. एस्टीत उभ्याने दिंडोरीपर्यंत आलो आणि तेवढा वेळ तुम्ही माझं मनगट धरून ठेवलं होतंत, बांगडी रुतेपर्यंत. गाडीत सगळ्यांनी मला द्राक्षं दिली. त्यानंतर तुम्ही मला कुठल्याच ट्रिपला नेलं नाहीत. मला ती शिक्षा वाटली, आणि चूक तुमची असताना शिक्षा मला का, हे मी विचारलं नाही, कारण आपल्या घरात तुम्हाला असं काही विचारायची पद्धत नव्हती.

आईने मनमाडहून आल्यावर तिची गोष्ट तयार केली. गड उतरतानाच यांना कळलं होतं, बॉनेटवर हात ठेवला तर रिकामं. पण घाटात गाडी वळवता येते का? म्हणून दिंडोरीला थांबवली. चांगली गोष्ट आहे. एवढंच, की घाट संपल्यावर दिंडोरीपर्यंत असा सपाट रस्ता आहे की तीन मिनीबस शेजारीशेजारी वळाव्यात. तरी मी ती गोष्ट धरून राहिले. सासरीही मी तीच सांगते, बॉनेटवर हात ठेवण्याचा भाग जरा सावकाश सांगते, आणि सासूबाई दरवेळी म्हणतात, शेवटी बापाचं काळीज.

तुमच्या तेराव्याला ड्रायव्हरकाका माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना मला बरं वाटेल असं काही सांगायचं होतं. म्हणाले, "खरं सांगू का ताई, अण्णांच्या ध्यानातच नव्हतं. चहा घेत व्हते. ती गुजराती काकी म्हणली, बेबी किधर है? तर अण्णांच्या हातातला कप तिथंच उलटला. लय घाबरले. तसं मी त्यांना कधी पाह्यलंच नाय." मला बाहीवरचा डाग आठवला. म्हणजे काका खरं सांगत होते. त्यांनी पुढे आणखी बरंच सांगितलं, पण मी पहिल्या वाक्यापाशीच थांबले होते. ध्यानातच नव्हतं. पंधरा परकी माणसं ध्यानात होती, त्यांच्या पिशव्या, चपला, कोणाला साखर चालत नाही ते ध्यानात होतं. मला तुमचा फार राग आला. गेलेल्या माणसाचा राग येणं ही मोठी गैरसोय असते. भांडायला समोर कोणी नाही, आणि चारचौघांत रडलं की लोकांना दुःखच वाटतं. तो राग मी कोणाला सांगितला नाही. आईला तर नाहीच.

बँकॉकच्या त्या बाईला सांगितला. दुपारी नदीकाठच्या हॉटेलात तिने माझ्यासाठी आचाऱ्याशी हुज्जत घालून मासळीच्या रसाचा थेंबही नसलेला भात मिळवला आणि समोर बसली. ती मघाशी कशी पळत आली ते मला आठवत होतं, म्हणून असेल, किंवा ती पुन्हा कधी भेटणार नव्हती म्हणून असेल, मी तिला गडाची गोष्ट सांगितली, आणि ड्रायव्हरकाकांनी तेराव्याला सांगितलेलीही सांगितली. आम्हा दोघींचंही इंग्रजी बेताचंच, त्यामुळे फार नटवता आली नाही. तिने ऐकलं. मग पाकिटातून फोटो काढून दाखवला, सात-आठ वर्षांची मुलगी, पुढचे दात पडलेली. मुलगी दूर खेड्यात आजीकडे असते. भातावर लिंबू पिळत ती म्हणाली, "कामावर असताना मला ही आठवत नाही. गिऱ्हाईक, गाडी, तिकिटं, एवढंच डोक्यात असतं. संध्याकाळी घरच्या बसमध्ये बसले की आठवते." मी विचारलं, वाईट नाही वाटत? तिला माझा प्रश्न कळला नाही असं वाटलं. म्हणाली, "ती माझ्या आईकडे आहे. आईकडे तिला काय होणार?"

तुमची बाजू घेते आहे असं समजू नका. पण परकी माणसं हरवतात, म्हणून ती मोजावी लागतात. घरचं माणूस घरीच असतं, मग ते बॉनेटवर का बसलेलं असेना. असं काहीसं तुमच्या डोक्यात असणार, किंवा असं काहीच नसणार, कारण ज्याची काळजी नसते त्याचा विचारही नसतो. इतकी वर्षं मला सगळे पटवून देत होते की तुम्ही मला विसरला नव्हतात. आणि बरं वाटलं ते एका अनोळखी बाईने आपण विसरतो असं सरळ सांगितल्यावर. मला हे आवडलेलं नाही, पण तसं झालं खरं.

उरलेली दुपार फुलबाजार आणि एक झोपलेला अवाढव्य बुद्ध, ज्याच्या पावलांपाशी उभं राहिलं तर डोकं दिसत नाही. संध्याकाळी गाईडने मला हॉटेलच्या दारात सोडलं, छत्री मिटलेलीच होती, आणि घाईने निघाली. तिची बस असणार.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, स्वयंपाकाच्या ओट्यावर लिहिलंय आणि फळीवरच्या डब्यांखाली घालायच्या कागदांत जाईल. पण एक सांगायचं राहिलं. जेवताना तिने मला विचारलं होतं, "तू खूप घाबरली असशील ना?" आणि मी नेहमीसारखं हो म्हटलं. ते खोटं होतं, अण्णा. मी गाडीपाशी गेलेच नव्हते. त्या दुकानात कढईत खवा आटत होता, आणि मी बघत राहिले म्हणून त्या बाईने मला स्टुलावर चढवून उलथनं हातात दिलं. कडेला धरलेली साय खरवडून मधे ढकलायची, खाली लागू द्यायचं नाही. ती म्हणाली, चांगलं जमतंय गं तुला, आणि खरवड माझ्या तळहातावर ठेवली. गाडी गेली हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही पिकअपमधून उडी मारलीत तेव्हा तुमचा चेहरा बघून मी रडले, वाटलं आजी गेली. तोपर्यंत मलाही तुमची आठवण झाली नव्हती.