टॉवरवरचे शराटी

मंगळवार, ८ एप्रिल
परत ओरडला मेला! सायली आत्ता कुठे झोपली होती. बिल्डिंगमागच्या हायटेन्शन टॉवरवर काळ्या शराटी पक्ष्यांच्या जोडीनं घरटं केलंय. शेजारच्या शालनबाई म्हणतात, "दरसाली येत्यात. त्येंचीच जागा हाय ती." मग आम्ही काय पाहुणे?

बुधवार, ९ एप्रिल
शालनबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. म्हणजे आमचा मधला दीड तास गेला. रोहिदास सेकंड शिफ्टला निघतो, मी फर्स्ट शिफ्टहून पोचते, त्या मधल्या वेळात सायली त्यांच्याकडे असायची.

नवऱ्याकडे उपाय तयारच — "गावी आईकडं ठेवू. वर्षभर." आठ महिन्यांची पोर! वर्षानं मला काकू म्हणेल.

म्हटलं, मग मी सोडते नोकरी. तर म्हणाला, "वेडी का? तू पर्मनंट आहेस." तो कंत्राटी. हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नाही.

गुरुवार, १० एप्रिल
सुट्टी. कपडे वाळत घालता घालता टॉवरकडेच बघत राहिले. एक अंड्यांवर बसलेला. दुसरा चोचीत काडी घेऊन आला. दोघांनी माना खाली-वर केल्या, एकमेकांच्या मानेची पिसं सारखी केली. मग बसलेला उठला, आलेला लगेच बसला. अंडी उघडी पडलीच नाहीत. यांच्यात दीड तासाची भानगडच नाही.

"यातली आई कुठली रे?" मी विचारलं.

रोहिदासनं खूप वेळ निरखलं. दोघांच्या डोक्यावर तसंच लाल, खांद्यावर तसाच पांढरा डाग. "कळत नाही राव," म्हणाला.

शुक्रवार, ११ एप्रिल
कंपनीच्या बसमधून नदीत चमच्या दिसला. पांढराशुभ्र, चोच थेट वरणाच्या डावासारखी. पाण्यात इकडून तिकडे, इकडून तिकडे फिरवत चालला होता. शेजारच्या सीटवर लाइनवरची रश्मी. म्हणाली, "आपल्याकडचे चमचे साहेबापुढं असेच हलतात." हसले खरी. घरी येईपर्यंत टिकलं नाही.

रविवार, १३ एप्रिल
सासूबाई आल्या सायलीला न्यायला. गुरुवारच्या एसटीनं जायचं. झबली घडी करून बॅगेत भरताहेत. "लेकराला मी काय उपाशी ठेवीन का गं?" नाही ठेवणार. बाई चांगल्या आहेत, हीच तर पंचाईत. भांडावं तरी कुणाशी?

मंगळवार, १५ एप्रिल
दुपारपासून वावटळ. पत्रे उडाले, घरट्यातल्या काड्या खाली आल्या. बसलेला शराटी चोच पिसांत खुपसून बसूनच राहिला. मी गॅलरीत उभी राहून रडले. दूध येऊन ब्लाउज भिजला.

बुधवार, १६ एप्रिल
शिफ्टहून आले तर दार रोहिदासनं उघडलं. या वेळी तो लाइनवर असतो. कडेवर सायली, तोंडाला भात. बॅग रिकामी.

"ठेकेदाराला सांगून आलो. सोडलं काम. ही थोडी मोठी होऊ दे, मग बघू."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. "आई कामाला अन् बाप घरी? लोक काय म्हणतील?"

त्यानं त्यांना हाताला धरून गॅलरीत नेलं. "आई, त्यातली आई कुठली, सांग बरं."

चष्मा लावून अजून बघतायत.