माझ्या मालकीची नसलेली नऊ पत्रं

मी, सुवर्णा उल्हास टिपणीस, वय चौपन्न, व्यवसाय नर्सिंग, राहणार शुगर लँड, टेक्सस, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. शुद्धीवर म्हणजे गेल्या रविवारपासून जेवढी उरले आहे तेवढी.

त्या दिवशी गराजमध्ये पान्हा शोधताना माझे पती उल्हास यांच्या हत्यारांच्या पेटीत, तळाशी, वीस पत्रं सापडली. अकरा देवदत्तने मला लिहिलेली, नऊ मी त्याला. आणीबाणीत देवदत्त नागपूरच्या तुरुंगात होता. आम्ही लग्न करणार हे फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्याची पत्रं थांबली, तेव्हा वाटलं, विसरला. पुढे उल्हासचं स्थळ सांगून आलं आणि मी हो म्हटलं.

पत्रं समोर ठेवली तसा उल्हास म्हणाला, "कैद्यांचं टपाल तपासायचं काम माझ्याकडे होतं. तुझी वाचली, आणि मग पुढे पाठववेनात."

मला तर आजवर पुरवठा खातं सांगितलं होतं! मला बघायला येताना त्याने शेवंतीची वेणी आणली होती. केवढा योगायोग, म्हणून एकतीस वर्षं मी कौतुकाने सांगत आले. शेवंती आवडते हे मी एकाच माणसाला लिहिलं होतं.

कलम १. घरातला माझा अर्धा हिस्सा, बँकेतली शिल्लक आणि पाटल्या मुलगी इशिता हिला. इशिता, तू फोनवर म्हणालीस, "आई, बट ही लव्ह्ड यू." हो गं. तेच तर पचत नाही.

कलम २. देवदत्तची अकरा पत्रं माझ्यासोबत जाळावीत. माझी नऊ मात्र टपालात पडली तेव्हाच त्याची झाली. इशिताने नागपूरला शोध घेऊन ती त्याला, तो नसल्यास त्याच्या माणसांना द्यावीत.

कलम ३. उल्हासला काहीही नाही. माझ्या आजारपणात त्याने तीन महिने मला भरवलं, कधी आवाज चढवला नाही. वाईट नवरा असता तर हे कलम लिहिणं सोपं गेलं असतं. मेल्याने तेवढंही सुख ठेवलं नाही.

ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाईंनी बजावलं आहे. दुसरा साक्षीदार मिळेना, तेव्हा उल्हास म्हणाला, मी करतो. म्हटलं, आधी वाच. तिसरं कलम त्याने दोनदा वाचलं. मग पेन मागितलं.

स्थळ : शुगर लँड
दिनांक : १८ ऑक्टोबर २००७
सही : सुवर्णा उल्हास टिपणीस

साक्षीदार :
१. दीपा श्रीराम फणसे. नाते : शेजारीण. लाभ : नाही.
२. उल्हास त्र्यंबक टिपणीस. नाते : पती. लाभ : नाही.