मोहाखाली ऐकलेली हाक

प्रिय दिव्यानी,

आपल्या मोहाला यंदा भारी बहर आहे. पहाटे झाडाखाली बसलं की फुलं इतकी हळू पडतात, की आपण जागे आहोत की झोपेत, हेच उमगत नाही. झाड घरासमोरच्या धानाच्या बांधीच्या पलीकडंच, पण वाघाच्या भीतीनं शेजारच्या रुखमाबाई आणि मी वेचता वेचता एकमेकींना हाका देत राहतो.

तुझे बाबा बरे आहेत. तणसाच्या ढिगावरून पडून मानेला मार लागला, नसा दबल्या, तेव्हापासून त्यांची छाती अर्धीच भरायची, खोकून कफ निघत नव्हता. तू त्यांच्या पोटावर तळवे ठेवून खोकल्यासरशी वर दाबायचीस, आणि मी भिऊन देवापाशी जाऊन बसायची. तू नर्सिंगसाठी नागपूरला गेल्यावर दवाखान्यातल्या बाईंनी माझेच हात धरून शिकवलं. पहिल्यांदा जमलं तेव्हा तुझे बाबा म्हणाले, "कणीक मळून राह्यली काय?"

दम वाढावा म्हणून रोज नळीनं पेल्यातल्या पाण्यात बुडबुडे काढतात. ते पाणी उष्टं, तुळशीला चालत नाही, म्हणून दोडक्याच्या वेलाला घालते. वेल छपरावर गेला. आरतीला पूर्वी शब्दाशब्दाला दम तुटायचा, आता अख्खी ओळ म्हणतात. मी मधूनच मुद्दाम चुकते, म्हणजे मोठ्यानं रागावतात.

परवा रुखमाबाई आल्या नाहीत. तुझ्या बाबांना, बसल्यावर श्वास पुरावा म्हणून, पोटाला पट्टा बांधून ओसरीवर बसवलं आणि एकटीच गेले. धुक्यातून हाक आली. वाटलं, त्यांची जुन्या दिवसांतलीच कुठली तरी कानात उरली असेल. पुन्हा आली. बारीक होती, पण तुटली नव्हती. मी ओ दिली. मग उन्हं येईपर्यंत ते हाक देत राहिले, मी ओ देत राहिले, टोपली कधी भरली कळलंच नाही. घरी आले तर म्हणतात, "वाघ पळाला असंन, नाई तं झोपला असंन."

शिक्षण सोडून घरी येऊ का, असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी तुझ्या जेवणाचं विचारलं. उत्तर तुझ्या बाबांना द्यायचं होतं, आणि तेवढा दम नव्हता. "दिव्या, येऊ नोको, पुरं कर," एवढं एका श्वासात म्हणता यावं म्हणून त्या हाका चालल्या होत्या, हे मला मागून कळलं. आता जमतं. रविवारी स्वतः बोलतील, म्हणून हे पत्र आधी. मधे बोलू नकोस, बाई. आणि फोन कानापासून जरा दूर धर.

तुझीच,
आई