कार्टूनमधल्या म्हाताऱ्याचा डावा पाय

२ डिसें.
काम संपलं. शेवटची फाइल सकाळी गेली. सात महिने तो कंजूष म्हातारा माझ्या लॅपटॉपमध्ये मुक्कामाला होता. मुंबईच्या स्टुडिओतून शर्वरीचा मेसेज (आमची डायरेक्टर): "म्हाताऱ्याची चाल एक नंबर. क्लाएंट खूश."
नाताळची ती जुनी इंग्रजी गोष्ट. कंजूष म्हातारा, एका रात्रीत तीन भुतं, सकाळी माणूस बदललेला. तिची कार्टून आजवर कितीतरी झाली. आमचं मराठीतलं, पण बर्फ हवाच होता. मी बर्फ पाहिलेला नाही. पावलं डहाणूच्या खाडीतल्या ओल्या वाळूवरून काढली.
आईला म्हटलं, झालं एकदाचं. ती बोंबील वाळत घालत होती. "मग आता जरा घरात बघ."

६ डिसें.
इथेच लिहून ठेवते. म्हाताऱ्याची चाल बाबांची आहे.
मेमध्ये पंधरा दिवस नेटवर म्हातारी माणसं कशी चालतात ते शोधत होते. एकही चाल जमेना. मग खिडकीतून बाबा दिसले, खाडीकडे निघालेले. डावा पाय घासटत येतो, मग कंबर उचलून फेकल्यासारखा पुढे. काखेत कळसा नि गावाला वळसा! मागून मोबाइलवर दोन मिनिटं शूट केलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर ते ताठ चालले असते, असं स्वतःला सांगितलं.
बाबा तांडेल होते, बोट त्यांच्या हुकमावर चालायची. मी चौथीत असताना जाळ्याच्या दोरात पाय अडकला, कंबर गेली. तेव्हापासून बोटीवर नाहीत. पण बोटी यायच्या वेळी रोज खाडीवर हजर. कुणी विचारो न विचारो, वारा कसा आहे ते सांगणार.

११ डिसें.
कार्टून नेटवर आलं. शेजारच्या मृणालने तिच्या आईच्या मोबाइलवर पाहिलं आणि ओट्यावरून ओरडली, "हर्षूताई, हा तर आपला तांडेल आजोबा!"
आमच्या आळीत माणूस चेहऱ्यावरून ओळखतातच कुठे. वाळूवर लांबून येणारा ठिपका चालीवरून ओळखायचा, लहानपणापासून तेच. मला हे सुचलं कसं नाही? स्टुडिओत कुणाला कळणार नव्हतं, तेवढाच विचार केला.
मृणालला म्हटलं, कुणाला सांगू नकोस. म्हणजे आता सगळ्यांना कळणार.

१४ डिसें.
कळलं. सकाळी अंगणापुढून सहा-सात पोरं ओळीने गेली, डावा पाय घासटत, "माझा पैसा! माझा पैसा!" करत. मृणाल सगळ्यात पुढे.
बाबा दारात चहा पीत होते. "काय खेळतायत गो ही?" आईने माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मग बशीतला चहा संपवला.

१५ डिसें.
बाबा खाडीवर गेले नाहीत. म्हणे पाय दुखतोय.

१७ डिसें.
आज तिसरा दिवस. बोटीवरचे दत्ताकाका येऊन गेले. "तांडेल कुठंयत? बरंय ना?" त्यांच्या आवाजात हसू होतं की मलाच वाटलं? चोराच्या मनात चांदणं. बाबांनी आतूनच सांगितलं, "येतो उद्या." उद्या जाणार नाहीत.
आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तो माणूस तापात पण घरी बसला नाही कधी. तूच केलंस, तूच बोल."
बोलायचंय. जीभ उचलत नाही.

१९ डिसें.
तलासरीला जाऊन आले. माझी मैत्रीण वैशाली तिथे मुलींच्या वसतिगृहात शिकवते. नाताळच्या आधी मुलींना कार्टून दाखव म्हणाली. घरातून सुटका झाली म्हणून बसमध्ये चक्क बरं वाटलं.
भिंतीला चादर, खाली साठेक मुली. भुतांना एकही घाबरली नाही. चाल बघून मात्र लोळून हसल्या. त्या बाबांना ओळखत नाहीत, त्यामुळे मलाही हसता आलं. शेवटी म्हातारा बर्फातून उड्या मारत पळतो. टाळ्या.
मग एक मुलगी उठली. "ताई, तो लंगडायचा ना? पाय कसा बरा झाला?"
वैशाली म्हणाली, "आता तो चांगला माणूस झाला ना, म्हणून."
"म्हणजे आधी वाईट होता म्हणून लंगडत होता?"
मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही.
परत येताना तेच डोक्यात. या गोष्टीची जेवढी कार्टून पाहिली, प्राण्यांची, मातीच्या बाहुल्यांची, सगळ्यांत शेवटी म्हातारा ताठ होतो आणि नाचतो. मीही डोळे मिटून तेच केलं. बाबांची कंबर घेतली, वाईट माणसाला लावली, आणि तो चांगला झाल्याबरोबर काढून टाकली. पोरांचं काय चुकलं? मीच शिकवलं त्यांना. खूप लाज वाटली.

२१ डिसें. रवि.
सांगितलं. जेवण झाल्यावर.
"बाबा, तो म्हातारा तुमच्यावरून काढलाय मी."
"ठाऊक आहे. दाखव."
चष्मा लावून सगळं पाहिलं. मध्ये एकदा थांबवायला लावलं. "इथे टाच टेकवलीस. माझी टाच टेकत नाही." खरंय. माझ्या सात महिन्यांत ते सुटलं होतं.
शेवटी म्हातारा पळाला. बाबा म्हणाले, "पाय सरळ झाला की माणूस चांगला, असं होय?"
"चुकलं माझं."
"माझा तर आता व्हायचा नाही."
उठून मागच्या दाराने गेले. मी रडले. आईने भांडी घासायला घेतली, जवळ आली नाही. बरंच केलं.

२२ डिसें.
शर्वरीला फोन. म्हटलं, शेवटचे चाळीस सेकंद बदलू, पळतानाही तो लंगडू दे. ती: "अगं, आलंय ना ते बाहेर! आणि लंगडत पळताना बघून मुलांना वाईट वाटेल. शेवट आनंदाचा आहे."
करून दाखवते म्हटलं.
"दाखव. पण क्लाएंटचं मी सांगू शकत नाही."
पाच वेळा केलं. पाचही वेळा म्हातारा पडतोय असंच वाटतं. शर्वरी बरोबर आहे की काय? की मी लंगडत पळणारा माणूस कधी नीट पाहिलेलाच नाही?

२४ डिसें.
या वेळी समोर उभं राहून विचारलं. "बाबा, म्हाताऱ्याचं पळणं जमत नाहीये. तुम्ही पळून दाखवाल?"
आई जागच्या जागी थांबली.
"कुठे?"
"ओल्या वाळूवर हवं. ओहोटीला."
"म्हणजे बोटी लागलेल्या असताना. सगळ्यांसमोर."
"हो."
"पोरं असतील."
"असतील."
दोरी वळत बसले.

२५ डिसें.
सकाळी उठले तर बाबा दारात तयार. दहा दिवसांनी खाडीवर.
बोटी आलेल्या, बायकांनी मांडलेला मासळीचा लिलाव ऐन रंगात. आम्ही आलो तसे आवाज जरा कमी झाले. मृणाल आणि कंपनी धावत आली. बाबांनी लुंगी खोचली, चपला माझ्या हातात दिल्या. पोरांना म्हणाले, "नीट बघा. चुकीचं करता तुम्ही."
आणि पळाले. डावा पाय घासटत, कंबर फेकत, दोन्ही हात पसरून, हलत्या बोटीत तोल सांभाळतात तसे. सोळा पावलं. पोरं मागे धावली, दोघं लंगडत, बाकीची सरळ. लिलावातली कुणीतरी ओरडली, "अरे तांडेल, हळू!" बाबा हसत होते. हे मी शूट करताना मोबाइलमधून पाहिलं. कार्टूनमधल्या माझ्या म्हाताऱ्याला मी असं हसवूच शकले नव्हते.
लंगडत पळताना बघून वाईट वाटत नाही. अजिबात वाटत नाही.
गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकल्या. मग दत्ताकाकांना म्हणाले, "वारा फिरतोय, उद्या लांब जाऊ नका."
मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. घरी येईपर्यंत चपला मागितल्या नाहीत, मीच घेऊन आले.
शर्वरीला व्हिडिओ पाठवलाय. तिने पाहिला, उत्तर नाही. मी काढायला बसलेय. सोळापैकी तिसऱ्या पावलावर आहे.