लातूरहून आलेल्या सह्या

२ मे १९८६, नांदेड

फेब्रुवारीनंतर आज वही उघडली. कोऱ्या पानांची माफी मागतो. कुरिअरच्या कामात सवड नव्हती हे खरं, काढली नाही हे जास्त खरं.

दुपारी सुनंदा आली. धर्माबादची, माझ्या टायपिंगच्या वर्गातली सगळ्यांत पक्क्या हाताची. लातूरच्या कचेरीचं पत्र दाखवलं : अर्ज मुदतीनंतर मिळाला, विचार करता येत नाही. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, टायपिस्टच्या जागा. वयाच्या अटीत तिची ही शेवटची संधी.

अर्ज ती रजिस्टर पोस्टानं पाठवणार होती. मीच म्हणालो, "पोस्टाचं काय घेऊन बसलीस? आज थैली एस.टी.त, उद्या लातुरात, परवा सहीची पोच माझ्या टेबलावर." तिकडे थैली उतरवून वाटायला दत्ता आहे. भागीदार, कॉलेजपासूनचा मित्र.

पोच काढून पाहिली. २१ एप्रिल, मुदतीचा आदला दिवस. आवक कारकुनाची सही. म्हणजे घोळ कचेरीचा. तिला म्हणालो, पोच आहे, काळजी करू नको, आधी मी जाऊन येतो.

५ मे

लातूर. कचेरी अजून भाड्याच्या जागेत, बांधलेले गठ्ठे तसेच. आवक कारकून वयस्क, उस्मानाबादहून बदलून आलेले. आधी स्वतःच्या सुरईतलं पाणी दिलं. सध्याच्या टंचाईत लातुरात ही लहान गोष्ट नाही. मग पोच चष्म्याजवळ धरली.

"साहेब, नाव माझंय. सही माझी न्हाई."

आवक वही उघडली. अर्ज २५ तारखेला. "टँकरवरचा माणूस घेऊन आलता. पायजमा भिजलेला."

कागद परत हातात घेतला आणि ओळखलं. पहिल्या अक्षराची मागे वळलेली शेपटी. या अक्षरातल्या नोट्स वाचून मी बी.ए. झालो.

दत्ताच्या दारात टँकर. मार्चपासून जळकोटकडच्या गावांना पाणी नेतो. मला एका शब्दानं सांगितलं नाही. थैल्या पलंगाखाली, जमेल तेव्हा वाटायच्या. सह्या घरी बसून, दोन पेनांनी, शाई वेगळी दिसावी म्हणून. हे हसत सांगितलं.

"माधवा, लोकाला प्यायला पाणी न्हाई अन् तू सह्या तपासून राहिलास? समदे कागद पोचलेत की. चार दिस मागंपुढं."

सुनंदाचं सांगितलं. मग म्हणाला, "दे की तिला पोच. तारीख हाय, सही हाय. पोरीचं काम होतंय. त्या म्हाताऱ्याला लई तर एक मेमो."

जेवून जा म्हणाला. जेवलो. का जेवलो...

६ मे

वर्ग बंद ठेवला. मार्चपासूनच्या पोच पुढ्यात. डॉक्टर, वकील, बियाण्यांचे दुकानदार. पोस्ट असताना हे कशाला, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी याच सह्या दाखवल्या. बऱ्याच ठिकाणी तीच शेपटी. दिसली नाही? की बघायची नव्हती? पत्रं वाहणं हा डाक खात्याचा हक्क, त्यांची हरकत नको म्हणून पावत्यांवर 'पत्र' हा शब्दसुद्धा टाळून 'कागदपत्रं' लिहिणारा मी.

दत्ता पाणी नेत होता. गावं तहानलेली होती. दोन्ही खरं. सांगितलं असतं तर दुसरा माणूस बघितला असता, रागावलोही नसतो कदाचित.

पण दोन पेनं. तिथेच अडकतो. कंटाळा केलेला माणूस एका पेनानं भागवतो.

८ मे

सुनंदाला सगळं सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. पत्राची घडी घालत विचारलं,

"सही खोटी आहे हे कुणाकुणाला माहीत आहे, सर?"

"तुला, मला, दत्ताला. अन् त्या कारकुनांना."

"त्यांचं कोण ऐकतंय? कागद आपल्याकडे आहे. द्या मला, मी अपील करते."

म्हणालो, निवृत्तीला आलेला माणूस आहे, नोकरीवर येईल त्यांच्या.

"माझी तर लागायच्या आधीच गेली."

चूक आमची असं लिहून देतो म्हणालो. तर म्हणे, "त्यानं मुदत वाढते का?" वाढत नाही. हे मी सोमवारीच विचारून आलो होतो.

जाताना पायरीवर थांबली. "खरं बोलायचं तुम्ही, अन् घरी बसायचं मी. हाव ना, सर?"

कारकुनांना वाचवायचंय की स्वतःला स्वच्छ ठेवायचंय, हे मलाच सांगता येत नाही. दत्ताचा राग करणं सोपं होतं. त्याचं खोटं त्याच्याकडे होतं तोवर...

उद्या अकराला परत येते म्हणाली.

उद्या : ती यायच्या आत २१ एप्रिलची पोच कपाटातून काढून टेबलावर ठेवणे.