आईच्या हातातला ग्लास

रविवार, १४ सप्टेंबर. सनीव्हेल.

सकाळपासून तो फोटो दहा वेळा तरी पाहिला. दादा-वहिनीने आईला जर्मनीत नदीवरच्या क्रूझवर नेलंय. मागे चढावर द्राक्षांचे मळे, आणि आईच्या हातात वाइनचा ग्लास. माझ्या आईच्या! शेजारी वहिनी खिदळतेय.

जळफळाट झाला, खोटं कशाला लिहू? क्रूझचं काही नाही यार, पण तो ग्लास! वहिनीला घरात येऊन चारच वर्षं झाली. पोटची मुलगी मी. मागच्या वर्षी आई सहा महिने माझ्याकडे होती. ती यायच्या आदल्या दिवशी मी घरातल्या सगळ्या वाइनच्या बाटल्या तांदळाच्या डब्यामागे लपवल्या. तिला काय वाटेल, म्हणून. रोज संध्याकाळी आम्ही दोघी आपला चहा पीत बसायचो.

शेवटी न राहवून फोन केला. "आई, तू आणि वाइन? वहिनीने आग्रह केला ना?"

"आग्रह कसला? घेणार का, असं विचारलं तिने. मी हो म्हटलं." मग म्हणाली, "छान लागते गं. तुझ्या त्या तांदळाच्या डब्यामागच्या पण अशाच होत्या का?"