ऑलिव्हमधली बी

वाल्पाराइसो, मंगळवार

चि. नेलिदा,

ओतिलियाच्या खानावळीत मी रोज दुपारी एकला काउंटरपाशी जेवतो, हे तुला ठाऊक आहे. महिनाभर झाला, भट्टीत भाजलेल्या मक्याच्या पेस्तेलमध्ये खिम्याबरोबर माझ्या वाटणीचे जे ऑलिव्ह येते, त्यात बी नसते. ऑलिव्ह बी ठेवूनच घालतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळते. शेजारी बसणारे सगळे बी थुंकतात, मीच तेवढा नाही. माझे दात हलतात हे तिला कुणी सांगितले? मी फक्त तुला सांगितले होते.

विचारले तर म्हणते, "काका, एवढा संशय माझ्या नवऱ्यानंही कधी घेतला नाही. गार होतंय, जेवा!"

तू मला तुझ्याकडे आंतोफागास्ताला नेऊन ठेवणार आणि ही तुझी हेर, असे माझ्या मनाने घेतले. म्हणून आज मुद्दाम गेलो नाही. दीड वाजता ती झाकलेला वाडगा घेऊन धापा टाकत टेकडी चढून आली.

"यायचं नव्हतं तर कळवायचं तरी! नेलिदाचा दोनदा फोन आला. रोज विचारते, बाबा जेवले का. आज काय सांगू तिला?"

"जेवले म्हणून सांग," म्हणालो, वाडगा घेतला आणि दार लावून घेतले.

एवढ्या घाईतही ती बी काढायला विसरली नव्हती.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. मला कळले हे तुला कळले, तर तू फोन करायचे सोडशील. उद्या मात्र जेवण झाले तरी काउंटरवरून उठणार नाही. तुझा फोन खरेच रोज येतो का, ते मला पाहायचे आहे.

जेवून बसलेला तुझा बाप,
बाऊदिलिओ